पळी-वाटीच्या मापाने आहार सांगावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत वजन कमी करण्यासाठी आठवडाभराचा एक आहारतक्ता नुकताच प्रसिद्ध झाला. तक्ता मेहनतीने केलेला होता यात शंका नाही. परंतु त्यातील ओट्स, किनोआ, अ‍ॅव्होकॅडो आणि ऑलिव्ह तेल हे जिन्नस सोलापुरातील बहुसंख्य घरांत येत नाहीत, आणि आणायचे ठरवले तरी महिन्याच्या किराण्यात बसत नाहीत. पहाटे उठून दोन-तीन डबे भरणारी बाई असा तक्ता वाचते, हे आपल्यासाठी नाही असे मनाशी म्हणते आणि पान उलटते. तसे होऊ नये, असे मला फार वाटते. गेल्या दोन-अडीच वर्षांत माझे वजन दहा-बारा किलोंनी उतरले आणि त्यासाठी आमच्या घरात बाहेरचा एकही नवा पदार्थ आणावा लागला नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी निवृत्त शिक्षिका असून माझे सारे आयुष्य सोलापुरात गेले. गुडघे दुखू लागले तेव्हा डॉक्टरांनी औषध लिहून देण्याआधी वजन केले आणि टेपने कंबर मोजली. भारतीय स्त्रियांच्या कमरेचा घेर 80 सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषांचा 90 सेंटीमीटरच्या वर गेला की मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि बॉडी मास इंडेक्सही (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) आपल्या लोकांच्या बाबतीत 25 ऐवजी 23 पासूनच जास्त धरतात, असे त्यांनी समजावून सांगितले. साडी नेसणाऱ्या बाईला पोट सुटल्याचे लवकर कळत नाही. परकराची नाडी थोडी सैल बांधली की भागते. त्यामुळे माझ्या वयाच्या मैत्रिणींना मी वजनकाट्याच्या आधी शिवणाच्या डब्यातील टेप हातात घ्यायला सांगते.

आमच्याकडे सर्वांत मोठा फरक तेलाने पडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहारविषयक सुधारित मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यातील दोन हजार कॅलरींच्या नमुना आहारात तेल-तूप दिवसाला 27 ग्रॅमच्या आसपास धरले आहे. या हिशेबाने चार माणसांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटर तेल पुरायला हवे. आमचा पाच लिटरचा डबा महिनाअखेरीपूर्वीच तळाला जात असे आणि सणावाराच्या महिन्यात वर पिशव्या येत, त्या वेगळ्याच. बुधली वाकडी करून कढईत धार सोडायची सवय असली की किती तेल पडले हे करणारीलाही सांगता येत नाही. सूनबाईने आणि मी मिळून ठरवले की महिन्याचे तेल एकदाच काढून ठेवायचे आणि फोडणीला पोह्याचा चमचा वापरायचा: चौघांच्या भाजीला तीन चमचे आणि आमटीला एक. सुरुवातीला वांगी कढईला लागत होती. मग झाकणीत पाणी ठेवून वाफेवर भाजी शिजवण्याची माझ्या आईच्या वेळची रीत पुन्हा सुरू केली आणि ती अडचण सुटली. आमटीवर लाल तवंग आला नाही तर ती आमटीच नव्हे, असे आपल्याकडे मानतात; परंतु घरी भाजून कुटलेले काळे तिखट चांगले असेल तर तवंग नसतानाही चव कुठे उणी पडत नाही, हे जेवणाऱ्यांनीच मान्य केले. तेलाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी असतात, तर पिठाच्या किंवा साखरेच्या एका ग्रॅममध्ये साडेतीन ते चार. म्हणजे एक भाकरी कमी करण्यासाठी मनाशी झगडणाऱ्या माणसाने आधी कढईकडे पाहिले, तर उपाशी न राहताही बरेच काही साधते.

शेंगा चटणी सोडा, असे सोलापूरकराला सांगणे मला पटत नाही आणि त्याची गरजही नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात आणि डाळी-कडधान्ये महाग झालेल्या दिवसांत ती सोडून देण्यासारखी नाहीत. मात्र त्याच शंभर ग्रॅममध्ये साडेपाचशेहून अधिक कॅलरीही असतात. उखळात कुटून तेल सुटलेली चटणी मोठे दोन चमचे घेतली आणि वर तेलाची धार धरली, तर एका मध्यम भाकरीपेक्षा अधिक कॅलरी ताटाच्या डाव्या बाजूलाच जमा होतात, आणि तरीही आपण चटणीला जेवणात मोजत नाही. शिवाय भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपवासाच्या पदार्थांतही कूट. आम्ही चटणी एक चमचा घेतो, ती तेलाऐवजी दह्यात कालवतो आणि ज्या दिवशी ताटात चटणी असेल त्या दिवशी भाजीत कूट घालत नाही. एवढाच नियम आहे, पण तो रोज पाळला जातो.

ज्वारीविषयीही थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हापासून भाकरी खाल्ली की वजन आपोआप उतरते असा समज पसरला आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले याचा मला जिल्ह्याची रहिवासी म्हणून अभिमान आहे, आणि मालदांडी ज्वारीच्या भाकरीची गोडी दुसऱ्या कशाला नाही असेही माझे मत आहे. तरीसुद्धा ज्वारीचे पीठ आणि कणीक यांच्या समान वजनात कॅलरी जवळपास सारख्याच असतात. भाकरीचा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. पोळीला मोहन लागते, घडीत तेल लागते आणि वर तुपाचा हात फिरतो. भाकरी पाण्याच्या हाताने थापली जाते आणि तव्यावर व निखाऱ्यावर तेलाच्या थेंबाशिवाय भाजली जाते. पीठ चाळून कोंडा टाकला नाही तर ती सावकाश चावून खावी लागते आणि पोट भरल्याचे वेळेवर समजते. कडक भाकरीच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते, कारण ती पातळ आणि हलकी असल्यामुळे आमटीत चुरता चुरता किती झाल्या याचा अंदाज राहत नाही. आमच्याकडे ती आता पाकिटातून थेट ताटात येत नाही. मोजून काढून पाकीट फडताळात ठेवले जाते. दुर्दैवाने बाजारात चांगली ज्वारी पुष्कळदा गव्हापेक्षा महाग असते आणि रेशनवर प्रामुख्याने गहू-तांदूळच मिळतो. त्यामुळे ज्यांना ज्वारी परवडत नाही त्यांना कोणी कमी लेखू नये. कमी तेलाची साधी पोळीही चांगलीच आहे.

ताटातील भाकरी कमी केल्यावर तिच्या जागी काय येते, यावर सगळे अवलंबून असते, आणि इथे आपल्या भागाचे स्वयंपाकघर समृद्ध आहे. मोड आलेली मटकी, हुलग्याचे माडगे, अंबाडी-चाकवताच्या पातळ भाज्या, कांद्याची पात घातलेला झुणका आणि थंडीत भोगीला केली जाणारी वांगी, गाजर, घेवडा, ओला हरभरा यांची मिसळीची भाजी हे पदार्थ वर्षातून एखाद्या दिवशी कौतुकाने करण्याऐवजी आम्ही आठवड्याच्या जेवणात आणले. जेवायला बसताना आधी काकडी, मुळा किंवा गाजर खायचे, मग वाटीभर आमटी प्यायची आणि त्यानंतर भाकरी मोडायची, असा क्रम ठेवला. शहराच्या पूर्व भागातील ज्या घरांत भात हेच मुख्य अन्न आहे, तिथे माझ्या एका तेलुगू भाषक मैत्रिणीने भाताची वाटी लहान केली, पालेभाजी घातलेला पप्पू, म्हणजे घट्ट वरण, वाढवला आणि तिला तेवढ्यानेच गुण आला. दोनदाच जेवावे की दर दोन तासांनी खावे, या वादात मी पडत नाही. ज्याला जे झेपते ते त्याने करावे, मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत.

वजनाच्या चर्चेत ज्याचा उल्लेख मी सहसा वाचत नाही, ते म्हणजे उरलेले अन्न. घरातील बाई सर्वांना वाढून शेवटी, रात्री दहाच्या सुमारास जेवायला बसते. तोवर तिची भूक मेलेली असते. पातेल्याच्या तळाशी दोन डाव भात असतो, नातवाच्या ताटात अर्धी पोळी असते आणि मुलाने नको म्हटलेली भाजी असते. अन्न टाकणे हे आपल्या संस्कारात बसत नाही, म्हणून ती ते संपवते. आणि हे तिचे खाणे ना तिच्या हिशेबात येते ना घरच्यांच्या. वर्षानुवर्षे रोज रात्री हे होत राहते, मग तीच बाई म्हणते की मी काहीच खात नाही तरी अंग सुटते. ती खोटे बोलत नसते. यावर उपाय एकट्या बाईच्या निर्धाराने होत नाही, घराने मिळून करावा लागतो. आमच्याकडे आता संध्याकाळी कोण जेवणार आणि किती भाकऱ्या हव्यात हे आधी विचारले जाते, सर्व जण आठ वाजता एकत्र बसतात आणि ज्याच्या ताटात उरले त्याने ते सकाळी खायचे असते. टोपलीत उरलेल्या भाकरीचा सकाळी ताकात काला होतो किंवा कांदा घालून कुस्करा होतो, आणि तो सर्वांच्या वाटणीला येतो. माझे वजन उतरण्यात या बदलाचा वाटा तेलाखालोखाल आहे, असे मी निश्चित सांगू शकते.

उपवासाविषयी लिहिताना कोणाच्या श्रद्धेला धक्का लागू नये अशी माझी इच्छा आहे. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे आणि एकादशी आमच्या घरी पिढ्यानपिढ्या पाळली जाते. पण 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर कूट, तूप आणि बटाटा. एवढी बशीभर खिचडी नेहमीच्या जेवणाहून जड होते. आम्ही भगर, ताक, काकडीची कोशिंबीर आणि एखादे फळ यावर एकादशी करतो आणि ती अधिक उपवासासारखी वाटते.

चालण्याचे महत्त्व मी कमी मानत नाही. कंबर तलावाच्या बाजूला सकाळी चालणाऱ्यांमध्ये मीही असते आणि एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर जातो तेव्हा सूर्य वर येण्याआधीच परतते. मात्र अर्धा तास भरभर चालून साधारण शंभर-दीडशे कॅलरी खर्च होतात आणि परत येताना गाड्यावर खाल्लेला एक बटाटेवडा त्या भरून काढतो, हेही सांगितले पाहिजे. आणि जी बाई दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, किंवा जो कामगार यंत्रमागावर रात्रपाळी करून पहाटे चहा-वड्यावर भूक भागवतो, त्यांच्या वाढलेल्या वजनाला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांच्याकडे चालायला वेळ नाही, हे धरूनच त्यांच्या ताटाचा विचार झाला पाहिजे.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते. वृत्तपत्राच्या घडीत घालून येणाऱ्या पत्रकांतून आणि मोबाइलवरून 'पंधरा दिवसांत आठ किलो कमी' अशी आश्वासने दिली जातात. आठवड्याला अर्धा ते एक किलो यापेक्षा वेगाने उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ते वजन बहुधा परत येते. माझ्या परिचयातील एका बाईंनी जेवणाऐवजी डब्यातली पावडर घेऊन झपाट्याने वजन उतरवले. पावडर बंद होताच ते पुन्हा चढले आणि वर अशक्तपणा आला. औषधे आणि चमत्कारिक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954 च्या अनुसूचीत लठ्ठपणा आणि मधुमेह या दोहोंचा समावेश आहे, म्हणजे औषधाने हे हमखास बरे करतो अशी जाहिरात करायला कायद्याने मनाई आहे. आपल्या अंकाबरोबर अशी पत्रके वाचकांच्या दारात पोहोचणार नाहीत, याकडे वितरण विभागाने लक्ष द्यावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दुसरी विनंती आरोग्य पुरवणीसंबंधी आहे. आठवड्यातून एक चौकट सोलापूरच्या आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्यावी आणि त्यात इथल्या बाजारात त्या ऋतूत मिळणाऱ्या जिन्नसांपासून केलेली एक दिवसाची जेवणे द्यावीत. प्रमाण ग्रॅममध्ये न देता पळी, वाटी, पोह्याचा चमचा आणि भाकरीच्या संख्येत द्यावे. चौघांच्या कुटुंबाला लागणारे तेल आणि येणारा खर्चही सोबत छापावा. बिडी कामगार भगिनींसाठी, रात्रपाळीच्या कामगारांसाठी आणि भात खाणाऱ्या घरांसाठी अशा चौकटी स्वतंत्रपणे यायला हव्यात. कमी तेलातील माडगे, अंबाडीची भाजी आणि वाफेवरची वांगी यांच्या आमच्या घरच्या कृती मोजमापासह लिहून पाठवण्याची माझी आणि सूनबाईची तयारी आहे. त्या तज्ज्ञांकडून तपासून घेऊन मगच छापाव्यात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर