सहा जणांची सहल: पार्क आधी, जहाज नंतर

परभणी

प्रिय संतोष,

पत्र वाचलं. लेकरांना पार्क, आई-आण्णांना जहाज, आणि खर्च बेताचा. हे सगळं तुला एकाच सुट्टीत पाहिजे. माझं ऐकशील तर दोन्ही एकत्र कोंबू नकोस. यंदा पार्क कर, जहाज पुढच्या वर्षी. आणि "स्वस्त पॅकेज" धुंडाळत बसू नकोस. पैसा वाचतो तो तारीख, गाव आणि माणसांची मांडणी नीट केल्यावर. तिकिटाच्या दरात घासाघीस करून फारसं काही हाती लागत नाही.

गावापासून सुरुवात करू. खोपोलीचं इमॅजिका सगळ्यांच्या तोंडी आहे, पण नांदेडहून रात्रभराचा रेल्वे प्रवास, पहाटे कल्याणला उतरायचं, कर्जतमार्गे खोपोलीची लोकल धरायची, पुढं ऑटो. आण्णांचे गुडघे आणि सहा जणांच्या बॅगा घेऊन हे जमायचं नाही. शिवाय तिथं थीम पार्क आणि वॉटर पार्कची तिकिटं वेगळी. हैदराबाद तुला त्याच्या निम्म्या अंतरावर. तिथं वंडरला पार्कमध्ये कोरड्या आणि पाण्यातल्या राईड्स एकाच तिकिटात येतात, आणि रामोजी फिल्म सिटीत बरंचसं फिरणं त्यांच्याच बसमधून होत असल्यानं म्हाताऱ्या माणसांना झेपतं. दोन्हीला एकेक पूर्ण दिवस दे. एका दिवसात दोन्ही उरकायचं म्हटलं, तर दोन्हीकडचे पैसे देऊन दोन्ही अर्धवट राहतात.

लेकरांची उंची आजच मोज, चप्पल काढून, भिंतीला टेकवून. वंडरलात लहानांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर असतं: 85 सेंटिमीटरच्या आत फुकट, 140 पर्यंत लहानांचं, त्यापुढं पूर्ण. तुझा थोरला त्या 140 च्या रेषेच्या आसपास असणार. गेटवर पट्टी लावतात, शाळेचा दाखला दाखवून उपयोग नाही. मोठ्या राईड्सनाही उंचीची अट असते. कोणत्या राईडला किती, ते साईटवर बघून लेकरांना घरीच सांगून टाक, नाहीतर तासभर रांगेत उभं राहून शेवटी रडारड.

जाहिरातीतला दर बहुतेक वेळा कराशिवायचा असतो. पार्कच्या प्रवेशाला 18 टक्के जीएसटी लागतो. म्हणजे 1,500 चं तिकीट 1,770 ला पडतं, आणि सहा जणांमागं 1,620 रुपये नुसत्या करापोटी जातात. हिशेब मांडताना हा आकडा आधी धर. शनिवार-रविवार आणि सणासुदीला दर चढतात नि रांगाही. आपल्याला एक सोय आहे जी मुंबई-पुण्याला नाही: 17 सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. आपल्याकडं सुट्टी, तिकडं कामाचा दिवस. मधल्या वारी आला तर तो इमॅजिकाला जाणाऱ्यांसाठी सोन्यासारखा दिवस. मात्र महालक्ष्म्या कधी बसतात ते कॅलेंडरात आधी पाहा, नाहीतर वहिनी तुला घराबाहेर पडू द्यायच्या नाहीत. तुमच्यासाठी दिवाळीची गर्दी ओसरल्यावरचा मंगळवार-बुधवार बरा. तोवर सोयाबीनचा पैसाही हाती आलेला असतो.

पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा लायक्रा लागतं. विसरलात तर तिथं भाड्यानं किंवा विकत घ्यावं लागतं, आणि सहा जणांचं ते बिल एका तिकिटाच्या घरात जातं. नांदेडच्या बाजारातूनच घेऊन जा. लॉकर एकच मोठा घ्या. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून सकाळी भरपेट खाऊन निघा. रेल्वेसाठी मात्र दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. धपाटे पहिल्या दिवशीच संपवा.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी खुलतं. 5 ते 12 वर्षांच्या मुलाला बर्थ मागितला की पूर्ण भाडं, बर्थशिवाय अर्धं. दिवसाच्या प्रवासात धाकट्याला बर्थ घेऊ नकोस, रात्रीच्या प्रवासात घे. एसटीनं जायचं असेल तर बायकांची निम्मी सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे, देगलूर सोडलं की पुढं पूर्ण भाडं. तेलंगणाच्या बसमध्ये बायकांना फुकट असतं, पण ते तिथल्या रहिवाशांना. आपलं आधार दाखवून भागत नाही.

आता जहाज. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज गोव्याला आणि लक्षद्वीपला जातं. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा तो काळ सोडूनच ठरव. दर माणशी लिहिलेला असतो, पण तो एका खोलीत दोघं धरून. त्याच खोलीत तिसरा-चौथा कमी दरात बसतो. म्हणून तुम्ही चौघं एका खोलीत, आई-आण्णा दुसऱ्या. चार जणांच्या खोल्या आधी संपतात, त्यामुळं उशिरा स्वस्तात मिळेल या आशेवर राहू नकोस. तुम्हाला बिनखिडकीची आतली खोली पुरते. जेवण आणि डेक सगळ्यांना सारखाच, खोलीत फक्त झोपायला जायचं. खिडकी आई-आण्णांना घे, तीही जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर, तिथं हेलकावे कमी बसतात. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

मूळ दरावर बंदराचे आकार, कर आणि सेवाशुल्क चढतं, तेव्हा बुकिंगवाल्याकडून शेवटचा आकडाच लिहून घे. दारू, स्पा, इंटरनेट आणि किनाऱ्यावरची सहल वेगळी. खोलीचं कार्डच जहाजावर पैशासारखं चालतं, म्हणून लेकरांच्या कार्डावर खर्च बंद करायला काउंटरवर सांग. किनारा दिसेनासा झाला की फोन एअरप्लेन मोडवर टाक, नाहीतर तो समुद्रातलं नेटवर्क पकडतो आणि बिल येतं. लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या नावेत उतरावं लागतं. आण्णांसाठी गोवाच बरा.

नांदेडहून देवगिरी एक्सप्रेस संध्याकाळी धरली की सकाळी सीएसएमटी, तिथून जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, जवळच. त्याच दिवशी चढायचं असेल तर हे चालतं, कारण गाडी दोन-चार तास उशिरा आली तरी वेळ हाती राहतो. तपोवन रात्री पोचते, ती धरलीस तर एका मुक्कामाचा खर्च वाढेल. आणि चढण्याचा काउंटर जहाज सुटण्याच्या बराच आधी बंद होतो. जहाज कुणासाठी थांबत नाही, पैसेही परत नाहीत.

एवढा खर्च नकोच वाटला, तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. तासाभराचा प्रवास, गाड्या पोटात घेणारी मोठी बोट, आणि आई-आण्णांना समुद्र डोळे भरून दिसतो. माझ्या मते तुमच्या घराला खरी गरज एवढीच आहे, पण वहिनींनी ठरवलं असेल तर मी काय बोलणार.

आण्णांच्या आधारवरचं नाव तिकिटावर अक्षर न् अक्षर तसंच टाक, आणि मूळ कार्ड सोबत ठेव, मोबाईलमधला फोटो धरत नाहीत असं समजूनच चाल. लेकरांची उंची कळव, मग तारखा बसवू.

तुझा,
दिगंबर