गोळ्यांचा हिशेब

धरमपेठ, नागपूर

प्रिय बंड्या,

"सवय तर नाही न लागली बे त्या डिप्रेशनच्या गोळ्यांची?" असं तू परवा फोनवर विचारलं आणि मी 'मग बोलतो' म्हणून ठेवला. आई शेजारीच मटार सोलत बसली होती. तिला यातलं काहीच माहीत नाही. म्हणून लिहून राहिलो.

धंतोलीतल्या त्या दवाखान्याच्या जिन्यावरून मी दोनदा परत आलो होतो. तिसऱ्यांदा वर गेलो. वाटलं, पाच मिनिटांत चिठ्ठी मिळेल. डॉक्टरबाईंनी पाऊण तास घेतला. झोप, भूक, मरावंसं वाटतं का, कधी याच्या उलट, न झोपताही भन्नाट उत्साहाचे दिवस आले होते का. वर थायरॉइड आणि बी-१२ तपासायला लावलं. थायरॉइड बिघडलं तरी माणूस असाच मलूल होतो म्हणे.

पहिली गोळी एस्सिटालोप्राम. ५ मिलिग्रॅम, मग १०. आठवडाभर नुसती मळमळ. तर्री-पोह्याचा ठेला दिसला की मी रस्ता बदलायचो, मी! गुण यायला चार-सहा आठवडे लागतील हे बाईंनी आधीच बजावलं होतं. दीड महिन्यानं रडणं थांबलं, पण रात्री अडीचला डोळे टक्क उघडे. आणि आणखी एक तक्रार, नवरा-बायकोतली. ती सांगायची लाज वाटली, म्हणून शहाणपणा केला: गोळी आपल्याच मनानं बंद. तिसऱ्या दिवशी सीताबर्डीत मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं. मेट्रोच्या जिन्याचा कठडा धरून उभा राहिलो.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "याला व्यसन नाही म्हणत. शरीर रुळलेलं असतं, हळूहळू कमी करावी लागते. आणि ती तक्रार या गोळीनं बऱ्याच जणांना होते. तेव्हाच बोलला असता तर मीच बदलून दिली असती."

आता रात्री मिर्टाझापिन, १५ मिलिग्रॅम. सुरुवातीला सकाळी अकरापर्यंत डोकं जड राहायचं. आता झोप लागते. भूक मात्र अशी, की चार किलो वाढलो, जुन्या पँटी कपाटात पडून. बरं वाटलं तरी निदान सहा महिने घ्यायचीच आहे.

किती तास झोपलो ते रोज लिहायला सांगितलंय, ते मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच लिहितो. काल आई चष्मा लावून बघत होती. "साडेसहा लिटर? एवढं दूध कोण पिऊन राहिलं रे घरात?"

तुझा,
पक्या