सूनबाईची बढती आणि माझे डायलिसिस

पुणे, रविवार

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

सूनबाईला बढती मिळाली असून साताऱ्याच्या शाखेत शाखाधिकारी म्हणून तिची नेमणूक झाली आहे, हे मला काल तुझ्या आईकडून कळले. बाबांची तब्येत पाहता ‘सध्या नकार कळवून टाक’ असे तू तिला नागपूरहून फोनवर सांगितलेस, हेही त्याच वेळी कळले. सूनबाई स्वतः याबद्दल माझ्याकडे एक शब्दही बोललेली नाही. बँकेला उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचे आहे, म्हणून आजच लिहायला बसलो. फोनवर तुझ्या साइटच्या गोंगाटात आपले बोलणे नेहमी अर्धवट राहते आणि हा विषय अर्धवट राहून चालणार नाही. तुझी छोटी या पानांचे फोटो काढून तुला रात्री पाठवील.

माझे म्हणणे आधीच सांगतो. सूनबाईने बढती स्वीकारावी आणि साताऱ्याला रुजू व्हावे. तिच्या नकाराच्या अर्जात कारण म्हणून माझा आजार लिहिला जाणार असेल, तर त्याबाबत माझे मत विचारले गेले पाहिजे, आणि माझे मत हे आहे.

तू ‘सध्या’ म्हणालास, त्याचा आपण नीट विचार करू. माझे आजारपण टायफॉइडसारखे किंवा मोडलेल्या हाडासारखे नाही की दोन-तीन महिने घरच्यांनी कळ काढली आणि सगळे पूर्ववत झाले. इतक्या वर्षांच्या मधुमेहाने आणि रक्तदाबाने मूत्रपिंडे गेली ती गेली. प्रत्यारोपणाचा विषय माझ्या हृदयाचे रिपोर्ट पाहून डॉक्टरांनीच बाजूला ठेवला आहे. म्हणजे मी आहे तोवर आठवड्यातून तीनदा डायलिसिस आहे, आणि ते व्यवस्थित चालले तर माणूस अनेक वर्षे जगतो. मग तुझे ‘सध्या’ कधी संपणार? मी गेल्यावरच ना? सूनबाईच्या नोकरीतली प्रगती माझ्या मरणाशी बांधली जावी, हे मला सहन होण्यासारखे नाही. आमच्या पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेत एक बाई होत्या. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांनीही ‘सध्या’ म्हणूनच बढती नाकारली होती. सासूबाई पुढे दहा-बारा वर्षे होत्या, आणि त्या बाई ज्या टेबलावर लागल्या त्याच टेबलावरून निवृत्त झाल्या. बँकेतही याहून वेगळे नाही. एकदा नकार लिहून दिला की पुढच्या संधीसाठी थांबावे लागते आणि मागून आलेले पुढे निघून जातात.

आता आजारपणाच्या रोजच्या गरजा पाहू, कारण तू घरापासून दूर असल्यामुळे तुला सगळेच एकदम मोठे आणि भीतिदायक दिसत असावे असे मला वाटते. माझ्या आजाराला वेळापत्रक आहे. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी सकाळी सातच्या आत सेंटरवर पोहोचायचे, वजन करायचे, चार तास मशीनवर झोपून राहायचे, पुन्हा वजन करायचे आणि घरी यायचे. त्या दिवशी दुपारी अंगात त्राण नसते, कधी रक्तदाब उतरतो, कधी पायात गोळे येतात, म्हणून परतताना सोबत कोणीतरी लागते. ती सोबत आजही तुझी आईच करते. सूनबाई सकाळी मला गाडीने सोडते आणि घरी येऊन, डबा भरून बँकेत जाते. ती साताऱ्याला गेल्यावर सकाळचे सोडणे तेवढे अडेल. त्यासाठी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला महिन्याने बांधता येईल आणि तो तयारही आहे, कारण मी आज सकाळी त्याच्याशी बोलून घेतले. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी मी ठीक असतो. वाचतो, सोसायटीत दोन फेऱ्या मारतो, छोटीचे गणित घेतो. तिची शाळा पुण्यातच राहील आणि तिची संध्याकाळ आजी-आजोबांकडे, जशी आजही असते.

स्वयंपाकाची तुला फार काळजी वाटते, म्हणून तेही लिहितो. माझ्या खाण्यापिण्यात जपायचे ते पाणी, मीठ आणि पोटॅशियम. चहा, ताक, आमटी, गोळ्यांबरोबरचे घोट असे सगळे धरून मला दिवसाला साधारण एक लिटर घेता येते. तुझी आई सकाळी लिटरची स्टीलची बाटली भरून ओट्यावर ठेवते आणि मी कपभर चहा घेतला की तेवढेच पाणी मापून त्या बाटलीतून ओतून टाकते. बाटली रिकामी झाली की माझा दिवसाचा वाटा संपला. बटाटा आणि भाज्या चिरून, भरपूर पाण्यात भिजत ठेवून ते पाणी फेकायचे आणि मग शिजवायच्या, हे आपल्या पोळीवाल्या बाईंना आईने शिकवले आहे. नारळपाणी, केळी, संत्री बंद आहेत. (नागपूरहून येताना तू प्रेमाने संत्र्यांची पेटी आणतोस, ती छोटीसाठी जरूर आण, माझ्या आशेने आणू नकोस.) मध्यंतरी एका नातेवाइकांनी चांगल्या हेतूने कमी सोडियमचे मीठ आणून दिले होते. त्यात पोटॅशियम असते आणि आमच्यासारख्यांना ते घातक ठरू शकते, हे सूनबाईने पाकिटावरचा मजकूर वाचून वेळीच सांगितले. एवढे बारीक लक्ष ती ठेवते, हे मी विसरत नाही. पण हे लक्ष ठेवायला बँकेची पदवी लागत नाही. चष्मा लावला की तुलाही ते पाकीट वाचता येईल, मलाही येते.

डाव्या हाताच्या फिस्टुलाचेही, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेचेही, तसेच. रोज सकाळी उठल्यावर त्यावर बोटे ठेवून आतली थरथर लागते आहे ना हे पाहायचे, आणि ती थांबली असेल तर वेळ न दवडता डॉक्टरांना गाठायचे. त्या हातातून रक्त काढू द्यायचे नाही, त्यावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, त्या हाताने पिशवी उचलायची नाही. हे सगळे माझे मी करतो. उजवा हात मोकळा राहावा म्हणूनच फिस्टुला डाव्या हाताला करतात.

काळजीचा खरा दिवस रविवार. शुक्रवारी दुपारी मशीनवरून उतरल्यावर थेट सोमवारी सकाळपर्यंत अंगात पाणी साठत राहते. वजन दोन-अडीच किलोंनी वाढते, पाय सुजतात आणि रविवारच्या रात्री आडवे झाल्यावर धाप लागण्याची भीती असते. आठवड्यातला सर्वांत लांब खंड हाच, आणि डॉक्टरही याच खंडाला जपायला सांगतात. म्हणजे धडधाकट, गाडी चालवू शकणारे माणूस घरात हवे ते शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत. त्या काळात सूनबाईची बँक बंद असते, तुझे ऑफिस बंद असते आणि ठाण्याच्या ताईचीही सुटी असते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तर बँकेला पूर्ण दिवस सुटी. सातारा पुण्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, ती शनिवारी घरी पोहोचू शकते. तेव्हा ज्या वेळी माणसाची खरी गरज आहे त्या वेळी तिची नोकरी आड येतच नाही, आणि ज्या वेळी नोकरी आहे त्या वेळचे काम रिक्षावाला, आई आणि मी मिळून निभावू शकतो. असे असताना नकार कशासाठी द्यायचा, हे मला कितीही विचार केला तरी उमगत नाही. सगळे रविवार तिच्याच गळ्यात पडू नयेत, म्हणून एक रविवार ताईचा, एक तिचा आणि उरलेले दोन तुझे, असे मी मनात धरले आहे. दोन तुझे, कारण मुलगा तू आहेस.

यावर तू म्हणशील की मी सातशे किलोमीटरवर आहे, माझा प्रोजेक्ट ऐन भरात आहे. ते मला ठाऊक आहे आणि तुझ्या कष्टांचे मोलही मी जाणतो. पण एक गोष्ट तू शांतपणे पाहावीस. तू नागपूरला आहेस तर आपल्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, ‘पोरगा किती राबतो आहे.’ मार्चअखेर सूनबाई रात्री दहापर्यंत शाखेत थांबली, तेव्हा त्याच माणसांनी तुझ्या आईला विचारले, ‘सासरे डायलिसिसवर, आणि ही अजून बँकेत?’ आई गप्प बसली नाही, तिने त्यांना योग्य ते सांगितले. बाहेरचे लोक काय बोलतात ते आपल्या हातात नाही. मात्र आपल्या घरातून तोच प्रश्न निघू नये. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे मी वर्तमानपत्रात वाचले होते. विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात आणि पुरुषांची ८८. आजाऱ्यांचे आणि लहानांचे पाहण्याचा वेळ त्याहून वेगळा मोजला आहे, आणि तिथेही बायकांचाच वेळ जास्त आहे. हे आकडे देशाचे आहेत, पण आपल्या घराचे त्याहून फार वेगळे निघणार नाहीत.

कायद्याचेही सांगतो, कारण आयुष्य कागदांत गेल्यामुळे माझी दृष्टी तिकडे जातेच. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ साली झाला. त्यात आई-वडिलांना सांभाळण्याची जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांच्यावर टाकली आहे. सुनेचे नाव त्यात नाही. सून आणि जावई यांना त्यात आणण्याचे विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, परंतु त्याचा कायदा झाला नाही. सूनबाई माझ्यासाठी जे करते ते तिच्या मायेने करते, आणि मायेने केलेल्या गोष्टीला आपण हक्काची वसुली समजू लागलो तर तिची माया आटायला वेळ लागणार नाही. तसे झाले तर दोष तिचा नसेल.

तेव्हा तिला जे सांगितलेस तेच आधी तुझ्या साहेबांना सांगून पाहा. घरी वडील डायलिसिसवर आहेत, पुण्याच्या ऑफिसात परत येता येईल का, निदान महिन्यातून दोनदा शुक्रवार आणि सोमवार घरून काम करता येईल का, हे त्यांना विचार. तुझ्या किती रजा साठल्या आहेत तेही पाहा. तू हे अजून विचारलेले नाहीस असे आईच्या बोलण्यातून दिसले. कदाचित ते नाही म्हणतील, मग आपण दुसरा मार्ग शोधू. पण तुझ्या नोकरीतला प्रश्न विचारण्याआधीच तिच्या नोकरीतले उत्तर देऊन टाकणे हा क्रम मला योग्य वाटत नाही.

साताऱ्याला तिने कसे राहावे, यात मी ढवळाढवळ करणार नाही. माझ्या मते रोजचे अप-डाऊन तिने करू नये, खंबाटकी घाट धरून जाता-येता चार-पाच तास रस्त्यात जातील आणि शाखाधिकाऱ्याला संध्याकाळी घड्याळ पाहून उठता येत नाही. एखादी खोली घ्यावी आणि शनिवारी घरी यावे. वर्ष-दोन वर्षांनी विनंती बदलीचा अर्ज करता येईल, आणि तेव्हा माझ्या आजाराचे कागद जोडायचे असतील तर मी आनंदाने देईन. छोटीला आई रोज दिसणार नाही, हे मात्र सोपे नाही. ती नऊ वर्षांची आहे, रडेल, रुसेल. त्यासाठी रात्रीचा फोन ठरवून ठेवावा, आणि तिच्या अभ्यासाचे, शाळेच्या सूचनांचे, पालकसभांचे काम तू लांबूनही उचलू शकतोस. शाळेच्या ग्रुपवर आज फक्त तिच्या आईचा नंबर आहे, तिथे तुझाही घालून घे.

पैशाची अडचण नाही. माझी पेन्शन आहे, तुझ्या कंपनीच्या विम्यात आम्ही दोघे आहोत, आणि डायलिसिसला चोवीस तास दाखल न होताही दावा मिळतो. रिक्षा आणि पोळीवाल्या बाईंचे वाढीव पैसे मी पेन्शनमधून देईन. ते मीच द्यावेत अशी माझी इच्छा आहे, त्यात मोडता घालू नकोस.

हे सगळे मी तुला लिहिले असले तरी शेवटचा शब्द सूनबाईचा. तिच्या मनात साताऱ्याला जायचे नसेल, छोटीला सोडून राहणे तिला जड वाटत असेल किंवा ही शाखाच तिला नको असेल, तर तिने खुशाल नकार द्यावा. तो तिचा नकार असेल आणि मी त्यावर प्रश्न विचारणार नाही. उद्या माझे डायलिसिस आहे, त्यामुळे दुपारी मला बोलवणार नाही. मंगळवारी सकाळी मी तिच्याशी बोलेन. त्याआधी, म्हणजे उद्या रात्री जेवणे झाल्यावर, तू तिला फोन कर, नकार देण्याविषयी बोललो ते मागे घेतो असे स्पष्ट सांग, आणि मग तिला काय हवे आहे ते ऐकून घे. साहेबांशी बोलणे झाले की मला दोन ओळी लिहून पाठव, म्हणजे ताईला तिचे रविवार कळवता येतील.

तब्येतीला जप. नागपूरचे ऊन वाढले असेल, दुपारी साइटवर उघड्या डोक्याने फिरू नकोस.

तुझे,
बाबा