‘करमत नाही’ हे मराठीत ऐकायला कोण बसणार?

मा. संपादक,

कर्नाटकातल्या आमच्या खानापूर तालुक्यात बऱ्याच मराठी खेड्यांत शाळा सातवीपर्यंतच. आठवीला मूल बस धरून मोठ्या गावच्या हायस्कुलात येतं. वर्गात पाच-सहा जण, तेही एकाच वाडीतले, तिथून थेट पन्नास अनोळखी तोंडांत. सगळ्यांचं लक्ष दहावीवर. आमच्या मते खरा अवघड काळ आठवीतला, जून ते सप्टेंबर.

‘मला एकाकी वाटतं’ असं ते मूल म्हणत नाही. ‘करमत नाही’ म्हणतं, नाही तर सोमवारी सकाळी त्याचं पोट दुखतं. बस मुद्दाम चुकवतं. दुपारच्या जेवणात ताट घेऊन कोपरा धरतं. दंगा करत नाही, म्हणून शिक्षकांच्या नजरेतून सुटतं. हजेरीला ‘उपस्थित’ असतंच.

एक साधा उपाय आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला चिठ्ठीवर तीन नावं लिहायला सांगावीत : जेवायला कुणाजवळ बसायला आवडेल? ‘कोण आवडत नाही’ हे चुकूनही विचारू नये. चिठ्ठ्या वर्गशिक्षकांनी एकट्याने मोजाव्यात आणि फाडून टाकाव्यात. ज्याचं नाव एकाही चिठ्ठीत नाही, त्याच्याकडे लक्ष द्यायचं. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजावं.

इथे हमखास चूक होते ती अशी : पहिल्या नंबरच्या मॉनिटरला ‘याला सांभाळ’ म्हणून सांगितलं जातं. ती मैत्री नव्हे, उपकार. आणि मुलांना तो लगेच कळतो. त्यापेक्षा त्याच बसने येणारी दोन मुलं निवडावीत आणि तिघांना मिळून एक काम द्यावं. वह्या वाटण्यासारखं एकट्याने उरकणारं काम नको.

लक्षणं दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप किंवा जेवण तुटलं, तर तालुक्याच्या ठिकाणचं सरकारी दवाखान्यातलं ‘स्नेहा क्लिनिक’ गाठावं. ते १० ते १९ वयाच्या मुलांसाठीच आहे. ‘जगावंसं वाटत नाही का?’ हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उत्तर ‘हो’ आलं, तर मुलाला एकटं सोडू नये, पालकांना बोलावून त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं आणि घरातली शेतीची औषधं कुलपात ठेवायला सांगावीत. उसाच्या नाही तर भाताच्या घरात ती बाटली पडवीतच असते.

आता भाषेचं. पाट्यांच्या भाषेवरून आपल्याकडे पुष्कळ बोलून झालंय, ते राहू द्या. कन्नडमध्ये ‘बेजारु’ म्हणजे कंटाळाही आणि मन खट्टू होणंही; मराठी मूल ‘बेजार’ म्हणतं तेव्हा त्याला जीव मेटाकुटीला आलाय असं सांगायचं असतं. कन्नड बोलणारा समुपदेशक आणि मराठी मूल दोघांनी एकच शब्द वापरला तरी चुकामूक होते. दुसऱ्या भाषेत परीक्षा देता येते, मन मोकळं करणं अवघड. म्हणून स्नेहा क्लिनिकात आठवड्यातून एक ठरलेला दिवस मराठी बोलणारा समुपदेशक द्यावा, ही आरोग्य आणि शिक्षण खात्याकडे आमची मागणी आहे.

तोवर ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहेच, भाषा निवडताना मराठी सांगावी. फक्त तो मुख्याध्यापकांच्या खोलीत लावू नये, तिथे मूल शिक्षा झाल्यावरच जातं. स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावावा. आणि शाळेचा एक फोन मधल्या सुट्टीत, ‘कुणाला करतोस?’ न विचारता, मुलांच्या हाती द्यावा.

— काही माध्यमिक शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)