एमरिच सर, तुमचं उसनं

आदरणीय क्लाइड एमरिच सर,

हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही, ठाऊक आहे. 2021 मध्ये, नव्वदीत, तुम्ही गेलात. तरी लिहितोय.

मनगट गेलं आणि माझं वेटलिफ्टिंग थांबलं. मग एका फुटबॉल संघानं पोरांची ताकद वाढवायला बोलावलं. पहिल्याच दिवशी मुख्य प्रशिक्षकांनी सुनावलं, "वजनं उचलायला लावून माझी पोरं जड करू नका." मला उत्तर सुचेना. खरं सांगू? मलाही ते थोडं पटलं होतं.

त्याच आठवड्यात तुमच्याबद्दल वाचलं. 1952 चं हेलसिंकी ऑलिंपिक. स्वतःचं वजन 200 पौंडांच्या आत असताना 400 पौंड, म्हणजे 181 किलो, क्लीन अँड जर्क (वजन आधी खांद्यावर, मग डोक्यावर) करणारे जगातले पहिले तुम्ही. 1959 ला तुमच्याच शिकागोत पॅन अमेरिकन स्पर्धेचं सुवर्ण. आणि 1971 मध्ये संघमालक जॉर्ज हॅलस यांनी तुम्हाला शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघात प्रशिक्षक म्हणून घेतलं! त्या खेळातही तेव्हा वजनांची धास्तीच होती: स्नायू आखडतात, माणूस मंदावतो. बेअर्सनी जानेवारी 1986 मध्ये सुपर बोल, म्हणजे तिथल्या लीगचा अंतिम सामना, जिंकला, तेव्हा ताकदीचे प्रशिक्षक तुम्हीच होता.

पदकांपेक्षा मला उपयोगी पडली ती तुमची वाट. तिच्यामुळे मी माझ्याच खेळाकडे नव्यानं पाहिलं. क्लीनमध्ये, म्हणजे खांद्यापर्यंतच्या टप्प्यात, बार (वजनांचा दांडा) रेटून वर जात नाही. घोटा, गुडघा, कंबर एका झटक्यात उघडतात आणि क्षणात बारखाली शिरावं लागतं. वाकून बसलेला लाइनमन (अमेरिकन फुटबॉलमधला पुढच्या रांगेतला खेळाडू) चेंडू हलताच उसळतो, तेही हेच. आमचा बचावपटू हेडरला उडी मारतो, तेही. मंद माणसाला क्लीन जमतच नाही, सर. हे मी पंधरा वर्षं करत होतो आणि मलाच सांगता येत नव्हतं!

दुसऱ्या दिवशी संघातल्या सगळ्यात चपळ पोराच्या हाती नुसता बार दिला, 20 किलोचा. त्यानं तो हातांनीच ओढला आणि बार हनुवटीला घासून गेला. सगळे हसले. "हात विसर, जमीन ढकल," म्हटलं. चौथ्या खेपेला बार खांद्यावर टेकला तेव्हा आवाजच आला नाही. मुख्य प्रशिक्षक शिट्टी तोंडात धरून बघत राहिले. बोलले काहीच नाहीत, पण पुढच्या आठवड्यात आमचा एक तास वाढला.

त्या तासाबद्दल आभार. तो पोरगा आता क्लीनमध्ये 60 किलोवर आलाय. कोपरं मात्र अजून उशिरा फिरवतो.

आपला,
एक माजी लिफ्टर