कॉलेजच्या स्टुडिओतल्या काकांना, जाहीरपणे

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला एकट्याला पाठवता आलं असतं. पण चूक छापून झाली आहे, तेव्हा दुरुस्तीही चारचौघांतच व्हायला हवी. इंदूरच्या आपल्या कॉलेजच्या वार्षिक अंकात माझी मुलाखत आली. 'इथवर यायला कुणाची मदत झाली?' या प्रश्नावर मी तीन प्राध्यापकांची नावं सांगितली, आईबाबांचं सांगितलं. अंक हातात आला तेव्हा दिसलं, तुम्ही त्यात कुठेच नाही. कॉलेजच्या दप्तरात तुमची नोंद 'तांत्रिक सहायक' अशी. 'शिकवणारे' म्हटलं की मनात खुर्चीत बसलेली माणसं येतात, टेबलाखाली शिरून वायर जोडणारा येत नाही. कारण खरं आहे, पण त्याने माझी लाज काही कमी होत नाही.

आमच्या प्रसारण अभ्यासक्रमात पहिल्या सहामाहीत कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे आसपासच्या लोकांसाठी चालवलेल्या छोट्या केंद्रांवर, एक व्याख्यान झालं होतं. २००२ मध्ये सरकारने शैक्षणिक संस्थांना रेडिओ चालवायची मुभा दिली, २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने पहिलं केंद्र सुरू केलं, आणि शंभर वॉटमध्ये दहाबारा किलोमीटरपर्यंत ऐकू जातं, वगैरे. आम्ही हरखून विचारलं, आपलं कधी? आपल्या कॉलेजकडे परवाना नव्हता. तुमच्याकडे तार होती. स्टुडिओच्या खिडकीतून निघून, सायकल स्टँडच्या पत्र्यावरून कँटीनपर्यंत आणि तिथल्या दोन भोंग्यांपर्यंत. आपला पल्ला ऐंशी पावलांचा, मी मोजलाय. सव्वाअकरा ते अकरा पस्तीस, मधल्या सुट्टीत.

त्या भोंग्यांखाली कँटीनवाले भैया बसायचे आणि आवाजाचं बटण त्यांच्या हाताशी होतं. कंटाळा आला की ते बटण फिरवायचे, पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरावा इतक्या सहज. आम्ही त्यांच्यावर चिडायचो. तुम्ही मात्र लॉगबुकात एक जास्तीचा रकाना आखलात : 'आवाज कमी – वेळ'. ११.१९. ११.२४. मग दुपारी रेकॉर्डिंग लावून त्या मिनिटाला नेमकं काय चाललं होतं ते ऐकायला बसवायचात. बहुतेकदा माझी प्रस्तावना चाललेली असायची. एकदा महिला दिनाचा कार्यक्रम होता, मी पावणेदोन मिनिटं विषयाचं महत्त्व सांगत होते, आणि भैयाने पन्नासाव्या सेकंदाला मला संपवलं होतं.

"बेटा, भैयाला राग नाही आलेला. त्याला भजी तळायचीत."

आज मी पुण्यात मराठी पॉडकास्ट तयार करते. दर सोमवारी समोर आलेख येतो, ऐकणारे कुठल्या मिनिटाला सोडून गेले त्याचा. मीटिंगमध्ये नवी मुलं तो बघून हिरमुसतात. मला तो रकाना आधीच माहीत होता, शाईच्या पेनाने आखलेला.

तुम्हाला आठवतं का, मी हिंदीत एफएमवाल्यांची नक्कल करायचे? एका श्वासात चाळीस शब्द, मधे खोटं हसू. तुम्ही काहीच बोलला नाहीत. कोपऱ्यातलं ते भंगारातून आणलेलं स्पूलचं ध्वनिमुद्रण यंत्र काढलंत आणि माझं बोलणं टेपवर घेतलंत. टेप सेकंदाला १९ सेंटीमीटर पळते. ती यंत्रावर हाताने हळूहळू सरकवत तुम्ही फूटपट्टी लावलीत आणि माझे श्वास शोधायला सांगितलेत. सापडेनात. मग आकाशवाणीच्या जुन्या उद्घोषकाचं एक रेकॉर्डिंग लावलंत, त्यात वाक्यावाक्याला सातआठ सेंटीमीटर मोकळी टेप होती. ऐकणाऱ्याला तेवढी जागा लागते, एवढंच म्हणालात आणि चहा प्यायला गेलात. कॉम्प्युटरवर वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाची ती नागमोडी रेघ, रोज बघत होतो आम्ही, पण श्वासाची लांबी बोटांना कळली ती त्या दिवशी.

आकाशवाणी तुमचं दैवत. इथल्या आकाशवाणी केंद्रावरून, मालवा हाउसवरून, सायकलने जाताना तुम्ही वेग कमी करता, हे अख्ख्या बॅचला माहीत होतं. लहानपणी रेडिओवर ऐकलेली नंदाजी-भेराजी ही गावाकडची जोडी तुम्ही मालवी बोलीत करून दाखवायचात आणि मग म्हणायचात, ते दोघं आपल्याला काही सांगत नव्हते, एकमेकांशी बोलत होते, आपण नुसते ओट्यावर बसलेलो. मुलाखत घेताना मी अजून हे वापरते. आणि हिंदी क्रिकेट समालोचक सुशील दोशींचं शहर म्हणून समालोचनाचा सराव तर होताच. मैदानावर कुणाचाही सामना चालू असो, अर्ध्यांनी भिंतीकडे तोंड करून बसायचं, एकाने बघून सांगायचं. भिंतीकडे तोंड असलेल्याला 'चेंडू आता कुठे आहे?' विचारल्यावर बोट दाखवता आलं नाही, तर बोलणारा नापास. दोशींना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली ती हे रोज जमवल्याबद्दल, असं तुमचं म्हणणं.

माझ्या मराठीचं तर काय सांगू. घर लोकमान्य नगरातलं, इंदूरच्या मराठी वस्तीतलं, पण बोलणं निम्मं हिंदी. 'काय करून राहिली?' हे आमच्याकडे शुद्ध मराठी. चोर, चाक, चमचा यांतला च मी हिंदीतल्यासारखा उच्चारायचे आणि मला तो फरक ऐकूच यायचा नाही. तुम्ही दोन्ही च रेकॉर्ड करून शेजारीशेजारी लावलेत, 'चोर' आणि 'चित्र', वीसवीसदा. मात्र 'करून राहिली'ला हात लावू दिला नाहीत. "उच्चार सुधार, गाव कशाला पुसतेस?" पुण्यात पहिल्या महिन्यात लोक हसले. नंतर त्याच बोलीत एक सदर करायला सांगितलं.

मायक्रोफोनचं प्रकरणही लिहूनच टाकते. स्टँड सरकवताना माझ्या हातून कंडेन्सर माइक पडला. तो किती किमतीचा आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी तो गुपचूप पेटीत ठेवला. संध्याकाळी तुम्ही लॉगबुक पुढे केलंत आणि पेन दिलंत. मी माझ्या नावाने लिहिलं, रडत. विभागात बोलणी बसली, ती तुम्ही माझ्यासोबत उभं राहून खाल्लीत. दुसऱ्या दिवशी स्टुडिओची किल्ली माझ्याकडे दिलीत. असं का, हे मी कधी विचारलं नाही.

त्याच किल्लीने आपण ती नव्वद सेकंदांची डेमो केली, काम मागताना ऐकवायचा नमुना. मला माझा सगळ्यात गोड आवाज घालायचा होता. तुम्ही म्हणालात, सराफा घाल, दिवसा सोन्याचा आणि रात्री खाण्याचा तो बाजार. रात्री दोनला, खाणारी गर्दी ओसरल्यावरचा : कढई घासण्याचा आवाज, मोजली जाणारी चिल्लर, पाटावर पालथी पडणारी भांडी आणि वर, दिवसा सोनं विकणाऱ्या दुकानांची बंद शटरं वाऱ्याने थरथरतात ती. माझी वाक्यं फक्त चार. तीन रात्री गेल्या आणि त्यातली एक पूर्ण वाया, कारण उजाडलं तरी आपण तिथेच होतो आणि कचरागाडी आपलं गाणं लावून आली. शहर स्वच्छतेत पहिलं आल्याची किंमत इंदूरच्या ध्वनिमुद्रकांनी मोजली आहे, हेही कुणी कधी लिहायला हवं.

त्याआधी एका एफएम केंद्रात मी दोन महिने इंटर्न होते. तिथे मी फक्त जाहिरातींच्या वेळा टिपल्या आणि समोसे आणले. पुण्याच्या मुलाखतीत मात्र कुणी गुणपत्रिका उघडली नाही. डेमो ऐकून निर्मात्याने एवढंच विचारलं, शटरं कुठली? मी सराफ्याचं सांगू लागले ती अर्धा तास सांगतच राहिले. काम मिळालं.

अंकाच्या संपादकांना दुरुस्ती पाठवली आहे. ती पुढच्या वर्षी छापतील. तोवर हे पत्र. तुम्ही फोनवर असलं काही वाचत नाही, म्हणून सूनबाईंना सांगितलं आहे मोठ्याने वाचून दाखवायला. त्यांनी घाईत वाचलं तर थांबवा.

आणि एक. तुमचा काळा हेडफोन, डाव्या बाजूला चिकटपट्टी लावलेला, माझ्याकडे आहे. शेवटच्या दिवशी 'दोन दिवसांत देते' म्हणून नेला होता. फोम नवीन बसवला आहे, चिकटपट्टी तीच ठेवली आहे. दिवाळीत घेऊन येते. लॉगबुकात तो अजून 'बाहेर' दिसत असेल, तर माझं नाव तिथे राहू द्या.

तुमची,
२०१६ च्या बॅचची, सव्वाअकरावाली