रविवारच्या फोनबद्दल

चि. पमी हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझ्यावर खेकसलो. “बाबा, ऐकताय ना?” तू तिसऱ्यांदा विचारलंस आणि डोकं फिरलं. खरं म्हणजे आवाज येत होता, शब्द लागत नव्हते. शेवटी शेवटी तू रडत होतीस का? आई म्हणते, सर्दी असेल.

काल कान तपासून आलो. ग्राफ ४००० हर्ट्‌झला खड्ड्यात पडलाय. बत्तीस वर्षं चालू इंजिनाशेजारी, कानात कधी कापसाचा बोळा नाही. स, श, फ आधी जातात म्हणे, आणि बारीक आवाज. म्हणजे साहेबांचं ओरडणं शाबूत आणि तुझं बोलणं गेलं! मशीन लावीन. त्यावरून डोकं खाऊ नकोस.

आता इंटर्न झालीस म्हणून सांगतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली की टॅपेटची टकटक वेगळी कळते, बेअरिंगची घरघर वेगळी. तेव्हा एकच आवाज धरायचा, बाकीचे सोडायचे. शाळेत होतीस तेव्हा १८१६ सालच्या त्या पॅरिसच्या स्टेथोस्कोपवाल्या लाएनेक डॉक्टराची गोष्ट मला तूच सांगितलीस, कागदाची सुरळी करून पेशंटची छाती ऐकली ती. आणि माझा स्क्रूड्रायव्हर मनीच्या पोटाला लावलास. ओरखडे मला!

पण त्याआधी ड्रायव्हरचं ऐकावं लागतं, ते निराळं. तो जेवणापासून सुरुवात करणार. मध्येच तोडला की “घाटात दुसऱ्या गिअरला ओढत नाही” हे राहूनच जातं. पेशंटचंही तेच असणार.

आणि आजी गेली त्या रात्री तुझी आई बोलत होती, मी आपला दहाव्याची सोय सांगत होतो. म्हणाली, “तुम्हाला काही दुरुस्त करायला सांगितलंय का?” तेव्हा गप्प बसलो. पहाटेपर्यंत.

झालं, भाषण ठोकलं. छत्तीस तासांच्या ड्युटीनंतर हे कोण वाचणार? माफ कर. ॲप्रनमधला तुझा फोटो डेपोत सगळ्यांना दाखवला, कँटीनवाल्यालासुद्धा.

कुणी रागावलं का तिथे? की एखादा पेशंट गेला? आईला फोन केलास तर सर्दीच सांगशील. मला मेसेज कर. अक्षर मोठं नको, डोळे ठीक आहेत.

तुझे बाबा